समीकरण जुळलं, मग पुढे?

‘काका, तुम्ही केमिस्ट्रीवाले एका समीकरणावरून एवढे भांडता काय आणि लगेच खिदळता काय?’ लग्नाच्या पंगतीत म्हणा, गणपतीच्या मंडपात म्हणा, बडोद्यात हे मला कोणी ना कोणी विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

एक तर या गावात भांडायला माणसं मिळतात. बाजव्याला खताचा कारखाना, कोयलीला रिफायनरी, नंदेसरीला रसायनांची अख्खी वसाहत. दांडिया बाजारातल्या कुठल्याही मराठी घरात एखादा तरी ब्युरेट (द्रव थेंबाथेंबानं मोजून सोडायची काचेची नळी) हातात धरलेला निघतो. माझी हयात नंदेसरीच्या एका लॅबमध्ये गेली.

विनोदाचं सोपं आहे. डायहायड्रोजन मोनॉक्साइड नावाच्या रसायनाची भीती घालायची. खताच्या कारखान्यात वापरतात, आम्लवर्षेत सापडतं, नाकातोंडात गेलं तर माणूस दगावतो. अमेरिकेत आयडाहोमधल्या १४ वर्षांच्या एका मुलानं १९९७ साली शाळेत हेच विचारलं, तर ५० पैकी ४३ मुलांनी बंदी घाला म्हणून मत दिलं. रसायन म्हणजे अर्थात पाणी. आमच्या एका मित्रानं याला बडोद्याचं पाणी दाखवलं: ‘२०२४ च्या ऑगस्टमध्ये हेच रसायन विश्वामित्री नदीच्या पुरातून घराघरांत शिरलं, तरी बंदीचं कोणी नाव काढत नाही!’ त्यावर ‘चौकशी झालीच पाहिजे’ म्हणणारे निघाले, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो.

काही भांडणं निव्वळ हौसेची. तुरटीच्या सूत्रात पाण्याचे रेणू बारा की चोवीस, यावर दोघं जण मध्यरात्रीपर्यंत एकमेकांना मेसेज पाठवत बसले होते. दोघंही बरोबर. चोवीसवाल्यानं सगळंच दुप्पट करून लिहिलं होतं, एवढंच.

पण पेरॉक्साइड आणि परमँगनेटचं नाव निघालं की मी हट्टाला पेटतो. पेरॉक्साइडच्या मालात खरं पेरॉक्साइड किती टक्के, हे परमँगनेट किती खपलं त्यावरून मोजायचं, लॅबमध्ये हे रोजचं काम. फ्लास्कमध्ये पेरॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल, वर ब्युरेटमध्ये जांभळं परमँगनेट. पहिला थेंब पडतो आणि गुलाबी रंग रेंगाळतो, जायचं नाव घेत नाही. नवी पोरं इथेच घाबरून नळी बंद करतात. जरा दम धरला की परमँगनेटपासून तयार होणारं मँगनीजच क्रियेला वेग देतं आणि पुढचे थेंब पडता पडता नाहीसे होतात. शेवटी एक थेंब असा येतो की फिकट गुलाबी छटा टिकून राहते. तिथे थांबायचं.

आता समीकरण. परमँगनेटचे २ रेणू, सल्फ्युरिक आम्लाचे ३, पेरॉक्साइडचे ५. ऑक्सिजन वायूचे ५ रेणू सुटतात. पण कोणी तरी पेरॉक्साइडचा १ रेणू घेऊन ऑक्सिजनचे ३ लिहून आणतो. मोजून बघा, दोन्हीकडचा एकूण एक अणू जुळतो! पेरॉक्साइडचे ३ घेतले तर ऑक्सिजनचे ४, ७ घेतले तर ६, तेही जुळतात. अशी हवी तेवढी काढता येतात. मग समोरचा गुजरातीत म्हणतो, ‘जवा दे ने, बॅलन्स तो थाय छे!’ म्हणजे, जाऊ दे ना, जुळतंय तर खरं!

थाय छे, पण तसं घडत नाही ना. परमँगनेटमधला मँगनीजचा प्रत्येक अणू ५ इलेक्ट्रॉन घेतो, दोन अणूंचे झाले १०. पेरॉक्साइडचा एक रेणू देतो २. म्हणजे पाचच रेणू लागणार, ना कमी ना जास्त. शिवाय ऑक्सिजनच्या जड अणूंची खूण लावून, ते कुठे जातात हे तपासलेलं आहे: सुटणारा सगळा वायू पेरॉक्साइडमधूनच येतो. एका रेणूतून तीन रेणूंचा वायू आणणार कुठून? आणि हे नुसतं वहीतलं भांडण नव्हे. पाचाच्या जागी एक धरला तर ५० टक्क्यांचा माल रिपोर्टवर १० टक्के दिसतो. सात धरले तर ७०. टँकर फाटकाशी उभा असताना हा आकडा कोणाला तरी सही करून द्यायचा असतो. भांडू नको तर काय करू?

फिनेलबिनेल सोडून घरगुती नुस्के फिरतात, त्यातला एक मात्र मी चेष्टेवारी नेत नाही. ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड एकत्र करा, दुप्पट सफाई! समीकरण सुरेख जुळतं: मीठ, पाणी आणि क्लोरीन. बंद मोरीत तो क्लोरीन छातीत भरतो. असलं काही आलं की मी लिहीत बसत नाही, पाठवणाऱ्याला सरळ फोन लावतो.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करणाऱ्यांना काही होत नाही. फेस येतो, लोक खूश होतात. खरं तर व्हिनेगर आणि सोडा एकमेकांचा जोर मारतात आणि मागे सोडियम ॲसिटेटचं पाणी उरतं. आमच्यातला एक जण म्हणतो, बुडबुड्यांच्या धक्क्यानं थोडा मळ सुटतोच. त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, पण मी त्याला अजून तसं कळू दिलेलं नाही.