ग्रुप जुळला तरी अंगावर पित्त का उठतं?

माझ्या लेकीला थॅलेसेमिया मेजर (जन्मजात रक्ताचा आजार) आहे, त्यामुळे रक्त चढवायला डे-केअरला जाणं हे आमचं नेहमीचंच. तिथे कुणाच्या अंगावर गांधी उठल्या की नवीन पालक हमखास विचारतात, अहो ग्रुप जुळला होता, क्रॉसमॅच पण केलं, मग रिॲक्शन कशी काय आली?

तर क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे पेशंटच्या रक्ताशी दात्याचं रक्त जुळवून बघताना, बघतात ते लाल पेशींचं. ही ॲलर्जी बहुतेक वेळा पिशवीत उरलेल्या दात्याच्या प्लाझ्मातल्या (रक्तातल्या पातळ भागातल्या) प्रोटीनची असते, म्हणून तर प्लेटलेट्स आणि एफएफपी (गोठवून ठेवलेला प्लाझ्मा) चढवताना ती जास्त दिसते. आणि फिल्टर लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका, तो पांढऱ्या पेशी अडवतो, त्याने थंडीताप कमी होतो पण पित्ताला त्याचा उपयोग नाही.

खाज सुटली की सिस्टर रक्त थांबवतात, सुई तशीच ठेवून सलाईन चालू करतात, ॲव्हिल (ॲलर्जीचं औषध) देतात, आणि नुसतं पित्तच असेल, ताप नाही, श्वास नीट आहे, तर ते बसल्यावर डॉक्टर तीच पिशवी हळूहळू पुन्हा सुरू करू शकतात. पण ओठ सुजले, घशात आवळल्यासारखं झालं, छातीत शिट्टी वाजायला लागली किंवा बीपी पडलं तर ती ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी, मग मांडीत ॲड्रेनालिन लागतं आणि ती पिशवी परत लावायची नाही म्हणजे नाही.

खरी अडचण मोठ्या मुलांची. पिशवी थांबली की घरी जायला उशीर, म्हणून ही कार्टी गुपचूप खाजवत बसतात! पहिली 15 मिनिटं तरी मोबाईल बाजूला ठेवून पोराच्या पोटाकडे, पाठीकडे बघा. काही जण आधीच ॲव्हिल मागून घेतात, मला ते पटत नाही, सरसकट सगळ्यांना देऊन रिॲक्शन टळते असं अभ्यासात काही दिसलेलं नाही आणि पोर मात्र गुंगीत पडून राहतं, त्याला काय होतंय ते सांगणार कोण.

सारखंच होत असेल किंवा एकदा जोरात झालं असेल तर डॉक्टरांना वॉश्ड सेल्सबद्दल विचारा. सलाईनने धुवून त्यातला प्लाझ्मा काढून टाकतात, थोड्या लाल पेशीही जातात त्यात. फक्त ब्लड बँकेला आदल्या दिवशी फोन करून ठेवा, कारण धुतलेली पिशवी 24 तासांत वापरावी लागते, त्यामुळे ती कुणी आधीपासून तयार करून ठेवत नाही.