हाताची घडी आणि गोठलेलं तळं

एडिंबरात पाहुणे आले की किल्ल्याच्याही आधी मी त्यांना द माउंडवरच्या नॅशनल गॅलरीत नेते, एका चित्रासाठी. चित्र लहानसंच, जेमतेम अडीच फूट उंच. डडिंगस्टन लॉख या तळ्याच्या गोठलेल्या पाण्यावर रेव्हरंड रॉबर्ट वॉकर स्केटिंग करताहेत. काळ १७९५च्या आसपासचा, चित्रकार हेन्री रेबर्न. ते दांलू या फ्रेंच चित्रकाराचं असावं, असा वाद २००५ मध्ये निघाला होता; माझं मन मात्र रेबर्नच्याच बाजूने आहे.

वेगात निघालेला माणूस रंगवताना पसरलेले हात आणि फडफडणारा कोट सहज सुचतो. इथे वॉकर छातीवर हाताची घडी घालून, एक पाय मागे उचलून चालले आहेत. काळा पोशाख, काळी हॅट, चेहऱ्यावर प्रवचनाला उभं राहिल्यासारखं गांभीर्य. वेग आहे तो पुढे झुकलेल्या देहाच्या एका लांब तिरक्या रेषेत, आणि पायाखाली बर्फावर उमटलेल्या पात्यांच्या चऱ्यांत. सगळ्या काळ्या-करड्या रंगांत स्केट बांधायच्या फिती तेवढ्या लालसर. इथल्या रिंकवर नवशिके हात हवेत मारत तोल शोधत असतात. ते पाहिल्यावर त्या घडीमागची मेहनत कळते.

हा डौल वॉकर यांच्यात कुठून आला? वडील रॉटरडॅमच्या स्कॉटिश चर्चचे पाद्री होते, त्यामुळे लहानपणीची काही वर्षं तिथे गेली. हिवाळ्यात कालवे गोठले की हॉलंडमध्ये सगळा गाव बर्फावर उतरायचा. अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये हेंड्रिक आवरकांपचं १६०८च्या सुमाराचं चित्र आहे, त्यात श्रीमंत, गरीब, पोरंटोरं, सपशेल आडवे झालेलेही दिसतात. ते चित्र मी तासभर पाहू शकते. पण त्या गर्दीत डौल ज्याचा त्याने शोधायचा. रेबर्नने तो एकाच माणसात आणून ठेवला.

वॉकर पुढे इथल्या कॅननगेट चर्चचे पाद्री झाले आणि एडिंबरा स्केटिंग क्लबचे सभासदही. क्लबात प्रवेश मिळवायचा तर परीक्षा द्यावी लागे: दोन्ही पायांवर आळीपाळीने पूर्ण वर्तुळ काढायचं, मग बर्फावर ठेवलेल्या एका हॅटवरून उडी मारायची, मग दोन हॅटवरून, मग एकावर एक रचलेल्या तीन हॅटवरून.