जुना स्नो ब्लोअर, नोंद तिसरी: गिअरबॉक्स 'गेलेला' नव्हता

मंडळी, कार्ब्युरेटरचं रडगाणं मागच्या नोंदीत आटोपलं. इंजिन आता दुसऱ्या हिसक्याला सुरू होतं. या वेळी या बर्फ हटवायच्या यंत्राचा पुढचा गिअरबॉक्स, म्हणजे ऑगरच्या (पुढच्या फिरत्या मळसूत्री पात्याच्या) बरोबर मधोमध लटकलेला तो बिडाचा नारळ. मशीन विकणाऱ्याने हात झटकत सांगितलं होतं, "गिअरबॉक्स गेलाय." तेच मनात धरून बसलो आणि पहिला आठवडा वाया घालवला.

नव्या भिडूंसाठी थोडक्यात. दोन टप्प्यांच्या मशीनमध्ये ऑगर बर्फ मधल्या बाजूला ओढतो आणि मागचा इम्पेलर, म्हणजे फिरतं पंख्यासारखं चाक, तो च्यूटमधून (वरच्या नळकांड्यातून) भिरकावतो. इम्पेलरचा शाफ्ट तसाच पुढे गिअरबॉक्समध्ये शिरतो. त्याच्या टोकाला वर्म (मळसूत्रासारखा गिअर), वर्मवर गनमेटलचं दातेरी चाक आणि त्या चाकाच्या शाफ्टवर दोन्हीकडे ऑगर. स्पार्क प्लगची वायर काढून इम्पेलर शाफ्टची पुली हाताने फिरवली आणि मोजलं: पुलीचे १० फेरे, ऑगरचा एक. उलट, ऑगर धरून कितीही जोर लावा, इम्पेलर जागचा हलत नाही, नुसता थोडा खडखडतो. तो खडखडाट म्हणजे दातांमधला प्ले, सैलपणा. तो माझ्याकडे होता, पण गेलेल्या गिअरबॉक्सइतका नव्हता. इथेच पहिली शंका आली.

दुसरी गोष्ट जास्त मजेशीर. डाव्या ऑगरची शिअर पिन (ऑगर शाफ्टला जोडणारी, मुद्दाम कमजोर ठेवलेली पिन) बाहेर काढायला गेलो, तर तिचे दोन तुकडे आधीच झालेले. तुटलेली तोंडं घासून आरशासारखी चकचकीत झाली होती, म्हणजे तुटून बराच काळ लोटला होता. आणि तरीही ऑगर शाफ्टबरोबर झकास फिरत होता! पिन तुटल्यावर शाफ्टने ऑगरच्या नळीच्या आत मोकळं फिरायला हवं, पिन असते ती त्यासाठीच. दगड अडकला की तिने मरायचं आणि आतले दाते वाचवायचे. इथे नळी आणि शाफ्ट गंजाने एकजीव झाले होते. उजवीकडचा प्रकार आणखी थोर: पिनच्या जागी बोल्ट, डोक्यावर सहा रेघा. सहा रेघांचा म्हणजे ग्रेड ८ चा. तो बोल्ट तुटायच्या आधी गिअरचे दाते तुटतील. फ्यूजच्या जागी खिळा ठोकण्यातलाच हा प्रकार.

तेव्हा दुरुस्ती गिअरबॉक्सच्या बाहेरूनच सुरू झाली. नळीवर ग्रीस निपल (ग्रीस भरायची तोंडं) होते, पण रंगाखाली गाडलेले. नवे बसवून ग्रीसगन चालवली, काहीच आत जाईना. मग रोज संध्याकाळी गंज सोडवणारं तेल, थोडी आच आणि पाइप पाना. एका दमात सोडवायचा हट्ट धरला नाही, नुसतं केसभर पुढे, केसभर मागे. नवव्या संध्याकाळी कुरकुर झाली आणि पिनच्या भोकातून आधी तांबडी पूड, मग तांबडा चिखल, आणि शेवटी स्वच्छ ग्रीस बाहेर आलं. ते पाहून जो आनंद झाला तो घरात कुणाला सांगून उपयोग नव्हता, म्हणून इथे सांगतोय. एक चूक मात्र केली. पाचव्या दिवशी चिडून शाफ्टच्या टोकावर हातोडा घातला. टोक पसरलं, कानस घेऊन बसावं लागलं, शिवाय तो घाव थेट आतल्या वायसरांवर जातो. तुम्ही करू नका.

आता आतली बाजू. खालचा प्लग सैल केल्यावर पहिल्यांदा आलं ते तेल नव्हतं, पाणी. पाणी जड, ते तळाशी बसतं. मागून दुधाळ कॉफीसारखं तेल. बाटलीत रात्रभर ठेवलं तर तळाला सोनेरी चमकी. चुंबक फिरवला, चमकीपैकी काहीच चिकटलं नाही, म्हणजे झिजलं ते चाक, वर्म शाबूत. तसंही वर्म-व्हील जोडीत मऊ धातूनेच झिजायचं असतं. पाणी तसंच राहून गोठलं असतं, तर मात्र बीड तडकायला वेळ लागला नसता.

खोका उघडला. चाकाचे दाते एकाच बाजूने झिजलेले, दुसरी बाजू नव्यासारखी. साहजिकच आहे, ऑगर एकाच दिशेने फिरतो. माझ्या चाकाची बॉस (मधला जाड भाग) दोन्हीकडे सारखी आणि चाक शाफ्टला अडकवणाऱ्या चावीची खाच आरपार, त्यामुळे चाक उलटं करून बसवलं. दात्यांचा तिरपेपणा उलटवल्याने बदलत नाही, वर्म बरोबर जुळतो, फक्त भार कोऱ्या बाजूवर येतो. बॉस एका बाजूला लांब असेल तर हे जमणार नाही, आणि दाते मुळाशीच पातळ झाले असतील तर करूही नये.

शाफ्टभोवती तेल अडवणारे ऑइल सील तिन्ही बदलले. मापं तीन घ्यायची: शाफ्ट, घर, जाडी. स्प्रिंगची बाजू तेलाकडे. शाफ्टवर जुन्या सीलने पाडलेली चर नखाला लागत होती, म्हणून नवा सील २ मिलिमीटर आत बसवला, म्हणजे त्याचा ओठ कोऱ्या जागेवर टेकतो. पहिला सील मी शाफ्टवरच्या चावीच्या खाचेच्या धारेवरून सरकवताना कापला. दुसऱ्या वेळी खाचेवर पातळ चिकटपट्टी गुंडाळली, ग्रीस लावलं, गुपचूप आत गेला.

तेलाचा वाद आपल्याकडे कायमचा. ज्या गिअरबॉक्सला पातळीचा प्लग आहे तो बहुधा तेलाचा. प्लगच नसेल तर आत बहुधा ००० किंवा ०० नंबरचं पातळ ग्रीस असतं. घट्ट ग्रीस कोंबू नका: चाक त्यात चर पाडतं, ग्रीस बाजूला सरतं आणि वर्म कोरडा फिरतो. माझ्याकडे प्लग होता, ८०डब्ल्यू-९० जाडीचं, जीएल-४ दर्जाचं गिअर तेल भरलं. काही मशीनला कंपनीच जीएल-५ सांगते, तिथे पुस्तिकेचं ऐकावं. पण पुस्तिका नसेल आणि चाक गनमेटलचं असेल, तर जीएल-५ मधल्या गंधकाच्या भरीव डोसाची मला धास्ती वाटते. भरायचं प्लगच्या भोकापर्यंतच. काठोकाठ भरलं की गरम झाल्यावर तेलाला जागा उरत नाही आणि ते नव्या सीलवाटे वाट काढतं.

डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना आता कंपनीच्या मऊ पिना आहेत, दोन जादा पिना हँडलला चिकटपट्टीने बांधल्यात. अर्धा तास रिकामं चालवलं, खोका हाताला कोमट लागला, आवाज एकसुरी. ते तेल काढून टाकलं (परत थोडी चमकी, नवी बाजू रुळतेय) आणि ताजं भरलं.

खाली पुठ्ठा पसरून दोन रात्री ठेवलं. ऑगरच्या दोन्ही बाजू कोरड्या. मागे इम्पेलरच्या सीलखाली मात्र नाण्याएवढा डाग आहे. तो नवीन गळतीचा की मी सांडलेल्या तेलाचा, हे अजून ठरवता येत नाहीये. पुठ्ठा बदललाय.