अजून का नाही पाठवलं, हे कसं विचारायचं?

परदेशी ग्राहकांना जाणारे इंग्रजी मेल तपासणं हे माझं काम. व्याकरणाच्या चुका हल्ली मशीनच काढतं. माझ्याकडे येतात ते व्याकरणात पास झालेले, तरी वाचणाऱ्याला झोंबणारे मेल. त्यातले बरेचसे एकाच जागी अडतात: समोरच्याने काम केलेलं नाही आणि त्याबद्दल विचारायचंय.

परवा आमच्या एका मुलाने लिहिलं, 'व्हाय डिड यू नॉट सेंड द अप्रूव्हल?' वाक्य शुद्ध आहे. पण 'नॉट' असा सुटा आला की त्यावर जोर पडतो आणि प्रश्नाची उलटतपासणी होते. 'डिडन्ट'ने सूर उतरला असता, तरी अडचण उरलीच असती; 'डिड' म्हटलं की वेळ निघून गेल्यासारखी वाटते. मुदत तर बाकी होती. तिथे 'व्हाय हॅवन्ट यू सेंट' बसतं. आपला 'अजून' जे काम करतो, ते तिथे क्रियापदच करतं. शाळेत काळांचे तक्ते घोकून घेतात, हे मात्र कुणी सांगत नाही.

ग्राहकाची तक्रार थेट मॅनेजरकडे गेली. त्यांचा उपाय ठरलेला: 'प्लीज घाला.' अशा 'व्हाय'ला प्लीज जोडलं की ते आणखी खवचट लागतं, हे त्यांना पटत नाही.

मी 'व्हाय'च काढायला लावलं. 'डिड यू गेट अ चान्स टू लुक अ‍ॅट इट?' असा मेल गेला. 'सॉरी, नॉट येट' असं गोड उत्तर आलं आणि पुढे सामसूम. मुलगा म्हणाला, "मॅडम, सबब आपणच हातात दिली की. माझ्या वाक्याला त्यांना कारण तरी द्यावं लागलं असतं."

त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही. शेवटी माणसाऐवजी कामाबद्दल विचारलं: 'इज एनीथिंग होल्डिंग अप द अप्रूव्हल?' खाली तारीख दिली. तेव्हा कळलं, सही करणारा अधिकारी रजेवर होता. आम्हाला उत्तरं देणाऱ्याच्या हातात काहीच नव्हतं. पहिला प्रश्न त्याला एवढा का लागला, ते तेव्हा उमगलं.

पण खरोखरच काम दाबून बसलेल्या माणसालाही हाच प्रश्न पळवाट देतो. 'हाऊ कम यू हॅवन्ट सेंट इट?' ओळखीच्यांत बोलताना खपतं, ग्राहकाला लिहिता येत नाही. अशा माणसासाठी नेमकं वाक्य मी अजून शोधतेय.