बोरमाळेचा दगड

रविवार. येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा सण, होऊन चार दिवस झालेत, अजून ऊन कोवळं आहे. पहाटे चारला उमरगा सोडलं. लेकरांना सोन्याची खाण बघायची होती. आळंद, कलबुर्गी, शहापूर, सुरपूर. कृष्णेचा पूल आला तेव्हा सगळे जागे झाले. धपाटे आणि शेंगाची चटणी तिथंच उरकली.

रायचूर जिल्ह्यातली ही हट्टीची सोन्याची खाण चालू आहे, त्यामुळे आत सोडत नाहीत, हे घरूनच ठाऊक होतं. लांबून लिफ्टचा उंच लोखंडी सांगाडा तेवढा दिसला. धाकटी हिरमुसली. "सोनं कुठंय?" सासूबाईंचं माहेर आळंदचं, कानडी फाडफाड येतं. चहावाल्याशी अशा बोलत बसल्या की आम्हीच पाहुणे वाटायला लागलो. परत येऊन म्हणाल्या, "अगं, हे पण आपल्यासारखंच निजामाचं की." खरंच, १९५६ पर्यंत रायचूर आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात. खाणीची कंपनीही १९४७ ला हैदराबादच्याच नावानं निघाली.

पण मला भारी वाटलं ते त्याच्याही आधीचं. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी माणसं इथं सहाशे फुटांपर्यंत खाली उतरली होती. सुरुंग नाही, वीज नाही. दगडाला जाळ लावून तापवायचा, वर पाणी ओतायचं, तडकला की फोडायचा. त्या अंधारात धूर कुठं जात असेल, हेच माझ्या डोक्यातून जाईना.

थोरल्यानं गाडीतच हिशोब मांडला. टनाला चार ग्रॅम धरले, तर दीड तोळ्याच्या बोरमाळेला चारेक टन दगड. "आजी, तुझ्या गळ्यात टेम्पोभर दगड आहे!" सासूबाईंनी आधी हसून घेतलं, मग बोरमाळ पदराआड केली. रस्त्यात चहावाल्यापासून सगळ्यांनी पाहिली होती, आता कशाला!

येताना मस्कीला थांबलो. १९१५ मध्ये सोन्याच्या खाणीच्या बीडन नावाच्या इंजिनिअरला इथं अशोकाचा लेख सापडला. तोवर अशा लेखांत नुसतं 'देवानंपिय', म्हणजे देवांचा लाडका, एवढंच असायचं, अशोक हे नाव पहिल्यांदा इथं मिळालं. थोरला जाळीला नाक लावून ब्राह्मी लिपीतला 'अ' शोधत होता. धाकटीला त्यात काडीचा रस नव्हता.

घरी पोचायला रात्रीचे साडेअकरा. धाकटीच्या फ्रॉकच्या खिशात रस्त्यावरची पांढरी गारगोटी निघाली. तिच्या मते आत सोनं आहे. सासूबाईंनी ती देवघरात ठेवलीय, उद्या फोडू म्हणाल्या.