तुम्ही विचारलंत म्हणून : कडेची सीट

“काय गं, हा तरी पूर्ण पाहिलास का?”

मी पिक्चर बघून आले हे कळलं की हल्ली पहिला प्रश्न हाच. कसा होता, कोण होतं त्यात, आम्ही बघावा का, हे सगळं नंतर. पतपेढीत विचारतात, सोसायटीत विचारतात. परवा गोखले रोडवर गजरा घेताना शाळेतली मैत्रीण भेटली, वीसेक वर्षांनी, तर तिच्याही कानावर गेलेलं. “तू म्हणे ‘छावा’ अर्धा टाकून उठलीस?” अर्धा नाही हो, शेवटचा थोडासा. पण ते दुरुस्त करून उपयोग नसतो, कारण पुढचं वाक्य ठरलेलं असतं : “अगं पण मराठी ना आपण!”

आजवर या प्रश्नाला मी तीन-चार वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. एसी फार होता. डोकं चढलं होतं. आणि एक तिसरं, त्याच्याकडे येतेच. पूर्ण खरं त्यातलं एकही नव्हतं.

आधी हिशेब. नोव्हेंबर 2024 ते सप्टेंबर 2025 एवढ्या काळात मी थिएटरात पाच पिक्चर पाहिले. तीन पूर्ण, दोन अपूर्ण. अख्खा पिक्चर मांडीवरच्या फोनकडे बघत ‘पूर्ण’ पाहणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत. त्यांना कुणी जाब विचारत नाही.

‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ पूर्ण पाहिला. थिएटरात आम्ही अकरा जण, त्यातले दोघे मध्यंतरात गेले, आणि मी नव्हते त्यात. मुंबईत नर्स असलेल्या मल्याळी बाईला पार्सल येतं, आत भाताचा कुकर. चिठ्ठी नाही, नाव नाही. नवरा जर्मनीत, तेव्हा त्यानेच पाठवला असणार. रात्री ती जमिनीवर बसून तो कुकर कवटाळते. बस, एवढंच. छाया कदमची पार्वती तर मला घरचीच वाटली. चाळीतली खोली जायची वेळ आलीय आणि हातात कागद एकही नाही. निम्मं ठाणं लालबाग-परळ सोडून आलेल्यांचं आहे, आम्हीही त्यातलेच, त्यामुळे त्या कागदांचं मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

‘सैयारा’ मध्यंतरात सोडला आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. गाणी चांगली आहेत. पण पोरगी विसरू लागणार, पोरगा आठवण करून देत बसणार, हे दिसायला लागल्यावर मला बाहेर रिक्षा दिसायला लागली. पुढच्या रांगेतल्या कॉलेजच्या मुली मात्र हुंदके देत होत्या. त्यांना हसणारे लोक मला आवडत नाहीत. त्यांच्या वयात मी याहून भिकार पिक्चरला रडले आहे.

‘दशावतार’ पूर्ण, तो दिलीप प्रभावळकरांसाठी. एक्याऐंशीव्या वर्षी तोंडाला रंग लावून हा माणूस उभा राहतो तेव्हा पिक्चरचं बाकीचं सगळं मी माफ करते. माफ करण्यासारखं थोडं आहेही, उत्तरार्धात फार घाई होते. ‘साबर बोंडं’ पूर्ण, त्याचं पुढे.

राहिला ‘छावा’. पण त्याच्याआधी मला स्वतःशीच थोडं भांडायचं आहे.

एकेकाळी मी पिक्चर सोडून उठणाऱ्यांना नावं ठेवायचे. नुसती नावं नाही, भाषण द्यायचे. ‘कोर्ट’ आला तेव्हा, 2015 साली, आमच्या ऑफिसातले एक साहेब कंटाळून शेवट यायच्या आत उठून गेले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या डब्यावर मी त्यांची पार सालं काढली. त्या पिक्चरमध्ये कोर्टाची सुट्टी लागते, खोलीतले दिवे एकेक करून बंद होतात, पडदा बराच वेळ काळा राहतो. संपला, असंच वाटतं. आणि मग न्यायाधीश महाशय सहलीला गेलेले दिसतात. बाकावर डुलकी लागते, पोरं ओरडून जागं करतात, ते एका पोराच्या कानाखाली वाजवतात आणि पुन्हा डुलकी घेतात. अख्खा पिक्चर त्या चापटीत आहे, आणि हे साहेब तोवर घरी वरणभात खात होते! असं मी म्हणायचे. आजही म्हणेन. तेव्हाची मी चुकत होते असं मला वाटत नाही, हीच पंचाईत आहे.

पुढच्या वर्षी ‘सैराट’. मी आणि आई. शेवटाकडे माहेरची माणसं आहेर घेऊन आर्चीच्या दारात येतात. आईला कसं कळलं कोण जाणे, तिने माझा दंड धरला. “चल, उठूया आता.” मी तिचा हात दाबून खाली बसवलं. “थांब. शेवट बघायलाच हवा.” पाहिला मग तिने. आवाज नसलेला तो शेवट, बाळाची लाल पावलं, सगळं. तलावपाळीपर्यंत आम्ही चालत आलो, तिने तोंड उघडलं नाही. मीच बोलत होते. की हेच खरं आहे, याच्याकडे पाठ फिरवणं म्हणजे पळपुटेपणा आहे, वगैरे. त्यानंतर आई माझ्याबरोबर पिक्चरला आली नाही. पाय दुखतात म्हणायची.

तर ‘छावा’. रविवार, 23 फेब्रुवारी 2025. घोडबंदर रोडवरच्या मॉलमधला दुपारचा खेळ. दादा, वहिनी, नऊ वर्षांचा ओम आणि मी. ओम भगवा फेटा बांधून आलेला. आमच्याच रांगेत असे आणखी तीन फेटे होते. सुरुवातीला मागून कुणीतरी गारद दिली तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला, हे कृपा करून नोंदवून ठेवा. मला पिक्चर आवडत होता का? विकी कौशल आवडत होता. औरंगजेब झालेला अक्षय खन्ना आवडत होता, कारण तो तरी हळू बोलत होता. बाकी आवाज इतका की खुर्ची थरथरत होती.

मग संगमेश्वर आलं. तिथून पुढचं सगळ्यांना पाठ असतं. पकडले, तुळापूर, 11 मार्च 1689. पुस्तकात ते एका ओळीत संपतं, हाल हाल करून मारले. पडद्यावर ती ओळ संपेना. दोन्ही हात दोन बाजूंना साखळदंडांनी ताणलेले, आणि जखमांवर मीठ. सगळं थिएटर रडत होतं. माझ्या शेजारचे आजोबा उघड रडत होते, रुमाल न काढता.

मी ओमच्या डोळ्यांवर हात ठेवला. त्याने तो काढला. मी पुन्हा ठेवला. “आत्या, दिसत नाहीये ना!” मग मी त्याचं मनगट धरलं आणि उठले.

सहा जणांच्या गुडघ्यांवरून आम्ही बाहेर पडलो. “बसा हो ताई,” कुणीतरी म्हणालं. ओम हात सोडवायला बघत होता आणि मी सोडत नव्हते. बाहेर गार, उजेड, पॉपकॉर्नचा वास. एक सफाईवाला झाडू घेऊन खेळ सुटायची वाट बघत भिंतीला टेकलेला. ओमचा फेटा सुटून खांद्यावर आला होता आणि तो रडत होता. भीतीने नाही, रागाने. त्याच्या वर्गात सगळ्यांनी शेवट पाहिला होता. “मला बघायचं होतं. मला बघायचं होतं ना.” मी आइस्क्रीमचं विचारलं. तो डोळे पुसून एकदम शांतपणे म्हणाला, “आत्या, तू घाबरलीस.”

“नाही रे.”

दारापलीकडून घोषणा ऐकू आल्या. दार उघडलं, माणसं बाहेर यायला लागली, लाल डोळ्यांची. दादाही आला. “काय झालं?”

“घाबरला तो,” मी म्हणाले.

ओमकडे मी पाहिलं नाही. तो माझ्याकडे बघत होता, ते कळत होतं. बोलला काहीच नाही. दादाने त्या एवढ्या घोड्याला उचलून कडेवर घेतलं आणि म्हणाला, “घाबरतात का वेड्या? महाराज घाबरले का?” ओमने मान हलवली. नाही.

गाडीत मेट्रोचे खांब मोजत बसले मी. एरवी मानपाड्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालणारी, त्या दिवशी तो संपू नये असं वाटत होतं. घरी गेल्यावर वहिनीने फोनवर दोघी-तिघींना सांगितलं, बरं झालं हिने पोराला बाहेर नेलं. म्हणजे कौतुकच झालं माझं. हे ते तिसरं उत्तर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी हेच दिलेलं आहे. मे महिन्यात त्याची मामेभावंडं आली होती. मी स्वयंपाकघरात आमरस काढत होते आणि बाहेर ती पोरं त्याला “ए घाबरट” म्हणून चिडवत होती. मी बाठा चोखत उभी राहिले. दोन पावलं टाकून बाहेर जायचं होतं फक्त.

कारण? सांगते, पण लांबवणार नाही. 2019 च्या पावसाळ्यात बाबा अकरा दिवस आयसीयूत होते. नळ्या ओढायचे म्हणून त्यांचे हात पलंगाच्या कठड्यांना बांधून ठेवत. तशी परवानगी देणाऱ्या कागदावर सही माझी आहे. दादा पोहोचायचा होता. बांधलेल्या हातांची बोटं बाबा मिटत आणि उघडत असत. पुढचं लिहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, अगं, मग आधीच सांगायचं होतंस. कोण काय बोललं असतं तुला? कुणीच नाही, आणि म्हणूनच मला या कारणाचा भरवसा वाटत नाही. फार सोयीचं आहे ते. ‘साबर बोंडं’ बघा ना. मुंबईतला मुलगा वडील गेले म्हणून गावी जातो, दहा दिवसांचं सुतक, लग्नाचं कधी करणार म्हणून पिच्छा पुरवणारे नातेवाईक, आणि त्यातच जुना मित्र पुन्हा सापडतो. रोहन कानवडेंचा पिक्चर, सनडान्समध्ये मोठं बक्षीस मिळालेला. त्यात तर बापच गेलेला आहे, पहिल्यापासून. मी शेवटपर्यंत बसले, ओढणी गुंडाळून, हलले नाही. त्या पिक्चरला पार्श्वसंगीत नाही. आता रडा, असं कुणी सांगत नाही. मग मला हात बांधलेले सहन होत नाहीत, की शेजारी तीनशे माणसं रडत असली की सहन होत नाही? की आवाजच सहन होत नाही, आणि बाबांना मी उगाच मध्ये आणते आहे?

दादाने ते हात पाहिले होते. शेवटचे चार दिवस तोच होता तिथे. तो बसला ‘छावा’ला, पूर्ण, रडला, आणि बाहेर आला तेव्हा हलका दिसत होता. त्याला आठवलं का, हे मी विचारलेलं नाही. ‘सैराट’च्या वेळची मी असते तर म्हणाले असते, बघ, बसणाऱ्याला मिळतं. असेलही. पण तिला मी आईचा हात दाबताना पाहिलं आहे.

गेल्या रविवारी पुन्हा बेत ठरला. वहिनीच्या फोनवर ओम सीट निवडत होता, आता हे काम त्याचं. तीन सीट मध्ये टाकल्या आणि एक रांगेच्या टोकाला. “आत्याला कडेची,” तो म्हणाला, वर न बघता.

“का रे? का गं?” वहिनीने आधी त्याला विचारलं, मग मला.

ओम गप्प. बोट स्क्रीनवर तसंच.

“पाय आखडतात माझे,” मी म्हणाले.