फणसाच्या फळीचं जेवणाचं टेबल: सप्टेंबरपर्यंतची नोंद

फळीच्या बुंध्याकडच्या टोकाला असलेली भेग आज तोंडाशी मोजली तर साडेचार मिलिमीटर निघाली. एप्रिलमध्ये ती सहा होती. पावसाळ्यात लाकूड फुगून भेग थोडी मिटली, उन्हाळ्यात पुन्हा उघडेल. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ती मोजतो आणि फळीच्या खालच्या अंगाला पेन्सिलने तारीख टाकतो. तिथे आता चांगलीच लांब यादी झाली आहे.

मागचं थोडक्यात सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आलं, त्या दुपारी दापोली तालुक्यातल्या आमच्या परसातला कापा फणस मुळासकट आडवा झाला. आजीने लावलेलं झाड. सरपणाला द्यायचं आईच्या जिवावर आलं, म्हणून ओंडका तसाच ठेवला आणि दिवाळीनंतर गिरणीत नेऊन त्याच्या फळ्या पाडल्या. फणस आपल्याकडे अनुसूचित वृक्षांमध्ये येतो, त्यामुळे घरचं आणि वादळात पडलेलं झाड असलं तरी वनखात्याचे कागद आधी करून घेतले. कोणी असं लाकूड हलवणार असाल तर ट्रक ठरवण्यापूर्वी हे काम उरका.

चार फळ्या मिळाल्या, प्रत्येकी आठ फूट लांब, अठ्ठावीस इंच रुंद, पावणेतीन इंच जाड. बरोबर मधली, जिच्यातून झाडाचा मध्य जातो ती, वर्षभरात उभी फाटली. ते होणारच होतं. लाकूड वाळताना वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते मध्याकडून सालीकडे आकसतं. मध्य फळीत असला की हा ताण जायला जागा उरत नाही. टेबलासाठी घेतली ती तिच्या शेजारची. तिला एकच भेग आहे, चाळीस सेंटिमीटरची.

दोन्ही टोकांना जुना ऑइल पेंट जाडसर फासला होता, कारण टोकांतून पाणी सगळ्यात लवकर जातं आणि तिथूनच फाटायला सुरुवात होते. रचलेल्या फळ्यांच्या मध्ये इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या, दर दीड फुटावर, वरच्या पट्टीखाली बरोबर खालची पट्टी. साल तेव्हाच सोलून टाकली. सालीखालच्या पांढऱ्या लाकडात पिष्ट असतं, भुंगेरे तिथेच येतात. दुसऱ्या वर्षी पिठासारखा बारीक भुसा दिसलाच. बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिड गरम पाण्यात विरघळवून पांढऱ्या भागाला तीनदा दिलं, त्यानंतर नवीन भोक दिसलं नाही.

लाकूड वाळायला जाडीच्या दर इंचाला एक वर्ष, हा ठोकताळा सगळ्यांना माहीत आहे. कोकणात तो पुरत नाही, असं माझं आता ठाम मत झालं आहे. मार्च २०२३ ला फळी पुण्यात आणली तेव्हा अडीच वर्षांनंतरही ओलावा मोजायचा मीटर सतरा टक्के दाखवत होता. आणि तेही पृष्ठभागावर! खालच्या अंगाला दोन बारीक भोकं पाडून खिळे आत ठोकले आणि त्यांना मीटर लावला तर आत एकवीस. म्हणून मी वजनावर विश्वास ठेवला. एक टोक विटांवर, दुसरं वजनकाट्यावर, दर महिन्याला तसंच. पहिल्या दिवशी काट्यावरचं टोक ३८.४ किलो होतं. वर्षभराने ३६.५ वर येऊन सलग दोन महिने काटा हलला नाही. तेव्हा मीटर आतबाहेर अकराच्या आसपास होता.

सपाट करायचं काम मुद्दाम दोन टप्प्यांत केलं. राउटरसाठी (फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं यंत्र) प्लायची घसरगाडी बनवली, दोन बाजूंना सरळ रूळ, आणि फळीखाली चिपा सारून ती डुगडुगणार नाही अशी बसवली. डिसेंबरमध्ये दोन्ही अंगांनी फक्त उंचवटे काढले आणि चार महिने पुन्हा पट्ट्यांवर ठेवली. तेवढ्यात कोपऱ्याकोपऱ्यात पाच मिलिमीटरचा पीळ आला. एकदमच शेवटच्या मापाला आणली असती तर तो पीळ टेबलात राहिला असता. एप्रिलमध्ये दुसरा हात मारला आणि जाडी सव्वादोन इंचांवर थांबवली. राउटरच्या खुणा रंध्यानेच काढल्या. फणसाचा पोत एका पट्ट्यात सुलट, पुढच्यात उलट असा जातो, त्यामुळे रंध्याचं पातं दर अर्ध्या तासाने धारेला लावावं लागलं. तिरका रंधा चालवला तर लाकूड कमी उचकटतं.

भुसा हळदीसारखा पिवळा पडतो. या लाकडात रंगद्रव्यच आहे. फणसाच्या गाभ्याचे तुकडे उकळून आग्नेय आशियातले बौद्ध भिक्षू आपली चीवरं रंगवतात. घामाने माझं बनियनही तसंच झालं. मास्क मात्र लावाच.

हाच रंग उजेडात तांबूस-तपकिरी होतो, आणि तिथे माझ्याकडून चूक झाली. रंधून झालेल्या फळीवर गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) तसाच विसरलो आणि आठ दिवस गावाला गेलो. गॅलरीत उजेड भरपूर. परत येऊन गुण्या उचलला तर खाली त्याच्याच आकाराचा लख्ख पिवळा काटकोन, बाकी फळी गडद. सगळा पृष्ठभाग १२० च्या पॉलिश पेपरने घासून पुन्हा एकसारखा पिवळा केला. त्यानंतर फळीवर कपडासुद्धा टाकलेला नाही, आणि दर दोन दिवसांनी ती उजेडाच्या दिशेने फिरवतो.

आता भेगेबद्दल. बऱ्याच जणांनी सुचवलं की रेझिन ओतून टाक. मला ते नको होतं. लाकूड हलत राहणार, रेझिन हलणार नाही, आणि ही भेग झाडाची आहे, ती दिसावी असं मला वाटतं. म्हणून भेग धरून ठेवायला डमरूच्या आकाराच्या दोन चाव्या, म्हणजे लाकडाचे तुकडे, बसवल्या, एक भेग संपते तिथे आणि एक मध्यावर. तोंड मोकळं ठेवलं. चाव्या शिसवीच्या, आजोबांच्या मोडक्या पलंगाच्या पायातून काढलेल्या. चावीचे तंतू भेगेला आडवे हवेत, नाहीतर ती कमरेत मोडते. खोली फळीच्या निम्म्याला थोडी कमी. पहिली खाच मी पेन्सिलने आखली आणि चावी मिलिमीटरभर ढिली बसली. ती काढून मोठी चावी केली. दुसऱ्या वेळी चावी जागेवर दाबून धरून सुरीच्या टोकाने आखलं, मधला भाग राउटरने उतरवला, कोपरे पटाशीने साफ केले आणि चावीच्या कडा खालून किंचित निमुळत्या ठेवल्या. लाकडी हातोडीने ठोकताना शेवटी आवाज भरीव झाला, तो ऐकून फार बरं वाटलं.

फळी सपाट राहावी म्हणून खालून लोखंडी चॅनल लावायचा विचार होता. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा माजघराचं जुनं दार पहिल्यांदा नीट पाहिलं. फणसाच्या दोन रुंद फळ्या, मागे दोन आडव्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्या आत रुंद होत जाणाऱ्या खाचेत बाजूने सरकवलेल्या. सरस नाही, खिळा नाही. आमचे मेस्त्रीकाका पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "हिला कोंडायची नाय. वाट द्यायची." टेबलाला तेच केलं. सागवानी दोन पट्ट्या, अठरा मिलिमीटर खोल खाच, एका टोकाकडून दुसरीकडे तीन मिलिमीटरने निमुळती, म्हणजे ठोकत गेलं की आपोआप आवळते. फक्त मध्यावर एक स्क्रू. फळी दोन्हीकडे पसरायला मोकळी.

पॉलिशसाठी तुकड्यावर तीन पट्टे ओढून दोन महिने वापरले: जवसाचं तेल, चपडा लाख, मॅट पीयू (पॉलियुरेथेन). लाखेचा रंग सगळ्यात सुंदर आला, पण गरम भांड्याने पांढरं वर्तुळ उठलं. तेलाला वर्तुळ नाही, मात्र आमटीतली हळद त्यात मुरली. (तो डाग उन्हात आठवड्याभरात फिका झाला.) पीयूवर काहीच नाही. रोज जेवायचं टेबल आहे, तेव्हा आधी उकळलेल्या जवसाच्या तेलाचा एक पातळ हात, ते पूर्ण सुकू देऊन वर मॅट पीयू, दोन्ही अंगांना सारखेच हात. खालचं अंग कोरडं सोडलं तर ते वेगळ्या वेगाने पाणी घेतं आणि फळी वाकते. तेलाच्या चिंध्या बोळा करून फेकू नका, त्या आपोआप पेट घेतात. मी त्या दोरीवर पसरून वाळवतो आणि मगच टाकतो.

तेलाचा हात ऑगस्टमध्ये दिला. पीयू या दमट हवेत देणार नाही, त्यात बुडबुडे येतात. ऑक्टोबरची उन्हं पडली की पहिला हात, तोवर पायांचं काम. पाय दुसऱ्या फळीतून काढतोय, तिरके ठेवायचे की सरळ हे अजून ठरत नाहीये. गेल्या रविवारी आई पुण्याला आली होती. तिने फळीवरून हात फिरवला, चाव्या पाहिल्या आणि विचारलं, फणसाची बाजू कुठली, म्हणजे वर्षानुवर्षं फळं धरायची ती. फांदी फुटल्याच्या जागी गाठ आहे, ती दाखवली. त्या बाजूला ती बसणार आहे.